जयाताई रेगेंचा शनिवारचा तास

जयाताई रेगे सिंगापूरला आमच्या यिशुन भागात राहायला आल्या तेव्हा त्यांची ओळख ‘गुरुप्रसाद रेगेंची बायको’ एवढीच होती. गुरुप्रसाद एका जहाज कंपनीत मरिन इंजिनिअर. कंपनीचं जहाज जिथे दुरुस्तीला लागेल तिथे त्यांनी जायचं, कधी बाटाम, कधी दुबई, कधी चीनमधली एखादी गोदी. त्यामुळे घरात जयाताई बहुतेक एकट्याच. पुण्यात हडपसरच्या एका शाळेत त्यांनी अर्धं आयुष्य इतिहास शिकवला होता. इथे डिपेंडंट पासवर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या परवान्यावर, नोकरी मिळेना. मग त्यांनी शनिवारी सकाळी आपल्या फ्लॅटच्या हॉलमध्ये मराठी मुलांसाठी तास सुरू केला. फुकट. भाषा आणि इतिहास.

माझी मुलगी इरा पहिल्यापासून त्या तासाला जाते. ती बारा वर्षांची आहे, मराठी समजतं पण उत्तर इंग्रजीत देते. कुठल्याही क्लासला जायचं म्हटलं की तिचं पोट दुखतं, पण शनिवारी मात्र ती माझ्या आधी चपला घालून गेटपाशी उभी असायची.

कारण जयाताई खरं सांगायच्या. एकदा त्यांनी मुलांना सेंबावांगच्या समुद्रावर नेलं आणि सांगितलं, दोनशे वर्षांपूर्वी आपल्या मुंबईहून इथे माणसं आली ती नोकरीला नाही, पायात बेड्या घालून आली. इंग्रजांनी कैदी म्हणून आणलेली. इथले कितीतरी जुने रस्ते त्यांनी बांधले. मुलं थक्क झाली. घरी येऊन इराने मला विचारलं, “मम्मा, आपले लोक प्रिझनर होते? व्हाय नोबडी टोल्ड मी?” मलाच माहीत नव्हतं, मी काय सांगणार?

तेव्हाच काही पालकांनी कुरकुर केली. मुलांना अभिमान वाटेल असं काही शिकवा म्हणाले. जयाताई हसून म्हणाल्या, “रस्ते बांधणाऱ्यांचा अभिमान नाही का वाटत तुम्हाला?” विषय तिथेच संपला.

यंदा महाराष्ट्र दिनाला मुलांचं एक छोटं नाटक बसवायचं ठरलं. सिंगापूरच्या उत्तर भागात राहणाऱ्या घरांचं आमचं एक छोटं मंडळ आहे, ‘किनारा परिवार’ नावाचं. त्याचे अध्यक्ष निशिकांतदादा. त्यांनी जयाताईंना सांगितलं, “ताई, विषय तुमचा. फक्त वीस मिनिटांत संपवा.” जयाताईंनी महाडच्या चवदार तळ्याचा विषय घेतला.

पहिल्या तालमीला मी तिथेच होते. जयाताई मुलांना गोष्ट सांगत होत्या. तळं सगळ्या गावाचं. पण काही माणसांना तिथे पाणी प्यायची मनाई, कारण ती अस्पृश्य मानलेल्या जातींत जन्मलेली. १९२७ साली बाबासाहेब आंबेडकरांबरोबर हजारो माणसं चालत तळ्यावर गेली आणि ओंजळीने पाणी प्याली. एवढंच. पाणी प्याली.

“गाई-म्हशी पाणी पीत होत्या तिकडे?” इराने विचारलं.

“हो.”

“आणि ही माणसं नाही?”

“ही माणसं नाही.”

“आंटी, यू आर जोकिंग.”

“नाही गं. आणि पुढचं ऐक. माणसं पाणी पिऊन परतत असताना त्यांच्यावर हल्ला झाला. डोकी फोडली. आणि मग गावातल्या लोकांनी तळं शुद्ध करायचं ठरवलं. घडेच्या घडे भरून दूध, दही, शेण आणि गोमूत्र पाण्यात ओतलं.”

मुलं सगळी एकदम बोलायला लागली. शेणाने शुद्ध? पाण्यात? मग ते पाणी ते लोक प्यायले? एक छोटा मुलगा तर रडवेला झाला. इरा उभीच राहिली आणि इथल्या मुलांसारखं शेवटी ‘लाह’ लावून म्हणाली, “सो अनफेअर, लाह! असं आता नाही ना?”

जयाताई उत्तर देणार तेवढ्यात अमेयने हात वर केला. अमेय दहा वर्षांचा, शिवांगीचा मुलगा. हुशार आणि सरळ. प्रश्नाचं उत्तर येतंय याचा आनंद त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता.

“आमच्या घरी आहे तसं,” तो म्हणाला.

“काय आहे?”

“श्रियाच्या मम्मीचा कप. निळी फुलंवाला. आजी तो सेपरेट ठेवते, सिंकच्या खाली. बाकी कपांत मिक्स नाही करायचा. आजी म्हणाली, त्यांची जात वेगळी आहे.”

श्रियाची मम्मी, सुरेखा बनसोडे, त्या क्षणी माझ्या शेजारी दारात उभी होती. वन-नॉर्थ भागातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत ती मॅनेजर आहे. मुलांसाठी लिटिल इंडियातून लाडवांचा डबा घेऊन आली होती आणि एक सँडल काढून दुसऱ्याचा पट्टा सोडत होती. तिचा हात पट्ट्यावरच थांबला.

श्रियाने वळून आईकडे बघितलं. अमेयलाही कळलं की काहीतरी भयंकर झालंय, पण काय झालंय ते त्याला कळेना. तो एकदा जयाताईंकडे, एकदा सुरेखाकडे बघत राहिला.

सुरेखाने पट्टा पुन्हा लावला. डबा शू-रॅकवर ठेवला. “श्रिया, चप्पल घाल,” एवढंच म्हणाली. दोघी कॉरिडॉरमधून लिफ्टकडे गेल्या. मला त्यांच्या मागे जावंसं वाटलं, पण मी गेले नाही.

जयाताई खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांच्या शिकवण्यात त्यांच्यावर अशी पाळी कधी आली नसणार. पण पहिलं काम त्यांनी हे केलं की अमेयला जवळ बोलावलं. तो रडायला लागला होता.

“मी काय चुकलो?”

“तू काहीच चुकला नाहीस. तू पाहिलंस ते सांगितलंस. हे नीट लक्षात ठेव.”

शिवांगी त्याला घ्यायला आली तेव्हा बाकीची मुलं गेली होती. जयाताईंनी आडवळण घेतलं नाही. “शिवांगी, सुरेखाचा कप वेगळा ठेवता हे खरं आहे?”

शिवांगी भराभर बोलत सुटली. “ताई, सासूबाई जुन्या वळणाच्या आहेत. वर्षातून दोन महिने येतात, त्यांच्याशी कुठे वाद घालायचा? आणि सुरेखाला कुठे कळत होतं? तिला तर तो कप आवडतो.”

“आई आत्ता पुण्याला आहेत ना?”

“हो.”

“मग कप कुठे आहे?”

शिवांगी अमेयची बॅग उचलत म्हणाली, “तिथेच आहे. राहून गेलं, ताई. खरंच, राहून गेलं.”

मी शिवांगीला कितीतरी वर्षं ओळखते. माझ्या ऑपरेशनच्या वेळी इराचा डबा रोज तिच्याकडून यायचा. त्या दिवशी ती माझ्या समोर उभी होती आणि मला ती अनोळखी वाटत होती.

दुसऱ्या दिवशी जयाताई सुरेखाकडे गेल्या. मला बरोबर चल म्हणाल्या. सुरेखाने दार उघडलं, चहा केला, समोर बसली. डोळे कोरडे होते. बोलायला लागली तेव्हा आवाजही साधाच होता.

“आम्ही इथे घर शोधत होतो ना, तेव्हा एजंट मेसेज पाठवायचे, ओनरला इंडियन नकोत. एक नाही, कितीतरी. मी रडकुंडीला आले होते. तेव्हा शिवांगी माझ्यासाठी एजंटांशी भांडली. रंग बघून घर नाकारतात म्हणजे काय, म्हणून फोनवर ओरडली. हे घर तिनेच मिळवून दिलं. आमची मैत्री तिथून.”

तिने आमच्यापुढे बिस्किटांची बशी सरकवली.

“सोलापूरला आईला मी फोनवर सांगायचे, आई, ते सगळं तिकडेच राहिलं बघ. इथे शिवांगीने माझ्यासाठी खास कप ठेवलाय. एकदा चहा झाल्यावर मी तो धुवायला घेतला तर म्हणाली, राहू दे, तो मी धुते. मला वाटलं, किती जीव लावते ही.”

जयाताईंनी मान खाली घातली. मग म्हणाल्या, “सुरेखा, मी हे नाटक बंद करते. माझ्यामुळे तुझ्या मुलीसमोर हे झालं.”

सुरेखाला पहिल्यांदा राग आला. “नाटक का बंद करायचं? बंद व्हायला हवं ते वेगळंच आहे. आणि तुमच्यामुळे नाही झालं. तुम्ही शिकवलं नसतं तर मी आणखी दहा वर्षं त्याच कपात चहा प्यायले असते आणि आईला फोन करून कौतुक सांगितलं असतं. श्रिया नाटकात काम करणार. पहिली ओंजळ तिची.”

तोपर्यंत गोष्ट सगळीकडे पसरली होती. निशिकांतदादांचा फोन आला. ते माणूस म्हणून वाईट नाहीत, कुणाच्याही अडचणीला धावतात. पण नाटक नको म्हणाले. “ताई, आपल्या मुलांना जात माहीतच नाही. परदेशात आणून आपण ती कशाला शिकवायची?”

“अमेयला मी शिकवली का?” जयाताईंनी विचारलं.

सभा बोलवू, मतदान घेऊ, निशिकांतदादा म्हणाले.

सभा एका कोंडोच्या, म्हणजे खासगी सोसायटीच्या, फंक्शन रूममध्ये भरली. मुलं मागच्या टेबलावर ज्यूसची पाकिटं घेऊन बसली होती. एवढी गर्दी मंडळाच्या सभेला मी कधी पाहिली नव्हती. शिवांगी नवऱ्याशेजारी बसली होती, नजर जमिनीवर. सुरेखा पहिल्या रांगेत. जयाताईंनी नाटकाची बाजू मांडली, पाच मिनिटांत. मग निशिकांतदादा म्हणाले, आता मतदान. जयाताईंनी हात वर केला.

“ताई,” निशिकांतदादा अवघडून म्हणाले, “तुम्ही बोललात ते छानच, पण मत गुरुप्रसादचं आहे. आपल्या नियमात घराला एक मत, कुटुंबप्रमुखाचं. गुरुप्रसाद नाहीये, त्यामुळे…”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. इतकी वर्षं मी या मंडळात आहे. गणपतीत मोदक मी केले, स्टेज मी सजवलं, पावत्या मी फाडल्या. मला मत नाही? खरं म्हणजे आमच्याकडे आजवर मतदान कधी झालंच नव्हतं. दरवर्षी टाळ्या वाजवून कमिटी ठरायची. नियम कुणी वाचला होता? मी शेजारी बघितलं, सगळ्या बायकांच्या तोंडावर तेच.

सुरेखा उठली. “आमच्या घरचा कुटुंबप्रमुख कोण? मी इथे माझ्या नोकरीच्या पासवर आले. नवरा माझ्या पासवर आला.”

तिचा नवरा कसनुसा हसला. “हो, मी डिपेंडंट आहे.”

निशिकांतदादांनी मोबाइलवर काहीतरी शोधलं. “नोंद तर… यांच्याच नावाने आहे.”

“कुणी केली?”

“आपोआपच होते ती. पुरुषाच्या नावाने.”

तेवढ्यात मागच्या टेबलावरून इराचा आवाज आला. जोरात, सगळ्यांना ऐकू जाईल असा. “जयाआंटी, दिस इज द सेम लाह! ते इंग्रजांचं. ज्याच्याकडे घर आहे, ज्याने टॅक्स भरला, त्यालाच व्होट. तुम्ही शिकवलं होतं.”

काही लोक हसले. पण हसू मध्येच विरलं. जयाताई वळून म्हणाल्या, “हो इरा. तेव्हा हिंदुस्थानात बहुतेक माणसांना मत नव्हतं. मालमत्ता हवी, कर भरलेला हवा, नाहीतर शिक्षण हवं. प्रत्येक प्रौढ माणसाला मत मिळालं ते राज्यघटना आल्यावर. बाईला, मजुराला, महाडच्या तळ्यावर ज्यांना मारलं त्यांनाही.” मग सभेकडे बघून म्हणाल्या, “आपण जवळजवळ सगळे पासवर किंवा पीआर, नागरिक फारच थोडे. इथल्या निवडणुकीत आपल्याला मत नाही, ते रास्तच आहे. भारतात आहे, पण त्यासाठी विमानाने जातं कोण? आपल्याला मत द्यायची एकच जागा उरली होती, ती ही खोली. आणि इथे आपण काय करून ठेवलंय?”

निशिकांतदादा खाली बसले. खरोखर खाली बसले, माईक हातात धरून. “मी हे असं कधी बघितलंच नव्हतं,” म्हणाले. नियम दुसऱ्या कुठल्याशा क्लबाचे बघून उतरवले होते म्हणे. मग त्यांनीच प्रस्ताव मांडला, प्रत्येक प्रौढ सभासदाला एक मत. पुरुषांनी हात वर केले. विरोधात एकही नाही. समोर बायका बसलेल्या असताना विरोध करायची कुणाची छाती होती? टाळ्या झाल्या. जयाताईंचे डोळे भरून आले. मी त्यांचा हात दाबला. आता नाटक होणार, याबद्दल मला शंकाच उरली नव्हती.

लगेच नाटकाचं मतदान झालं. आधी बाजूने. सुरेखाचा हात, तिच्या नवऱ्याचा, माझा, जयाताईंचा, निशिकांतदादांचासुद्धा. मग बरेच आणखी. मी खूश होऊन बघत होते. मग विरोधात.

माझ्या मागे, पुढे, डावीकडे हात वर गेले. ज्या बायकांना दहा मिनिटांपूर्वी मत मिळालं होतं, त्यांचे हात. शिवांगीचाही. मोजायची गरजही नव्हती. नाटक पडलं.

मी जयाताईंकडे बघितलं. त्यांचं तोंड किंचित उघडं राहिलं होतं. वर्गात एखाद्या आवडत्या विद्यार्थ्याने कोरी उत्तरपत्रिका द्यावी, तसा चेहरा झाला होता. मग त्या उठल्या.

“ठीक आहे. मतदान झालं, ते मला मान्य आहे. नाटक मंडळाच्या स्टेजवर होणार नाही. पण माझ्या घरातला तास मंडळाचा नाही, तो चालू राहील. आणि तिथे मी हेच शिकवीन. ज्यांना मुलं पाठवायची नाहीत त्यांनी पाठवू नयेत, माझा राग नाही.”

परतताना बसमध्ये इरा पुढच्या सीटवर बसली, आम्ही दोघी मागे. मी म्हणाले, “बायकांनीच असं करावं?”

“मलाही तोच धक्का बसलाय,” त्या म्हणाल्या. “मला वाटत होतं, मत मिळालं की माणूस आपोआप बरोबर बाजूला जातो. मत मिळालं तरी भीती तिथेच असते. घरात सासू असते, शेजार असतो, लोक काय म्हणतील ते असतं.” मग उतरायची बेल दाबत, “पण त्यांना ते मत मिळालंच पाहिजे होतं. माझ्या विरुद्ध दिलं तरी.”

पुढच्या शनिवारी हॉल अर्धा रिकामा होता. इरा, श्रिया आणि आणखी थोडी मुलं. महाराष्ट्र दिनाला मंडळात लेझीम झाली, छान झाली. नाटक जयाताईंच्या हॉलमध्ये झालं, सोफा भिंतीला सरकवून, प्रेक्षक म्हणून आम्ही काही पालक आणि व्हिडिओ कॉलवर दुबईच्या गोदीतून हेल्मेट घातलेले गुरुप्रसाद. श्रियाने पहिली ओंजळ उचलली तेव्हा सुरेखाने डोळ्याला पदर लावला नाही की काही नाही. ताठ बसून बघत राहिली. तेव्हापासून ती दर शनिवारी तासाला येते. कधी ती बोलते. तिच्या आजोबांना गिरणीत विणकाम खात्यात काम मिळायचं नाही, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागायचा, हे तिने एकदा सांगितलं. मुलं तिला असे प्रश्न विचारतात की जे मोठी माणसं विचारायला धजणार नाहीत. ती प्रत्येकाचं उत्तर देते.

अमेय बरेच शनिवार आला नाही. मग एक दिवस तास सुरू होता होता बेल वाजली. दारात शिवांगी, अमेयचा हात धरून. सुरेखा आत बसली होती. दोघींनी एकमेकींना पाहिलं. मला वाटलं, शिवांगी आता वळून निघून जाईल.

“हा रोज विचारतो,” शिवांगी जयाताईंना म्हणाली. “का, का, का. मला उत्तरं येत नाहीत. मी सासूबाईंना फोन केला, विचारलं, आई, का ठेवायचा वेगळा? त्या म्हणाल्या, मला माझ्या सासूने सांगितलं होतं, मी कधी विचारलंच नाही. ताई, कुणालाच माहीत नाही. करतो सगळे, आणि का करतो ते कुणालाच माहीत नाही.” मग दारातूनच म्हणाली, “मी विरोधात मत दिलं, कारण स्टेजवर ते बघताना सगळे माझ्याकडेच बघतील असं मला वाटलं. दुसरं काही कारण नव्हतं.”

ती सुरेखाकडे वळली. “सुरेखा, मी…”

“आत्ता नको,” सुरेखा म्हणाली. तिने आवाज चढवला नाही. “मुलं बसलीत. आणि मला आत्ता ऐकायचं नाहीये.”

शिवांगीने मान हलवली. अमेयचा हात सोडला आणि जायला निघाली. जयाताईंनी तिला थांबवलं. “तूही बस. मागे जागा आहे.”

ती जमिनीवर, भिंतीला टेकून बसली. सुरेखा तिच्याकडे बघत नव्हती, पण उठून गेलीही नाही. अमेय अवघडून उभाच होता. श्रियाने आपली वही उचलून त्याला जागा करून दिली.

जयाताईंनी फळ्यावर लिहिलं, ‘सिंगापूर, १९४८’. आणि मुलांना सांगायला लागल्या की या बेटावर पहिली निवडणूक झाली तेव्हा इथे राहणाऱ्या कितीतरी लोकांना मत नव्हतं. जे ब्रिटिश प्रजा नव्हते ते बाहेर, मग ते आयुष्यभर इथे राबलेले असोत.

“कान्ट बी,” अमेय म्हणाला. तो इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच बोलत होता. “मग त्यांनी काय केलं?”